अपिलात आमचा साक्षीदार पुन्हा उभा करता येतो का? जिल्हा न्यायालय नेमकं बघतं काय?

बांधकरी

नमस्कार मंडळी. प्रश्न आमच्या आप्पांचा आहे, टाइप मी करतोय.

शेताकडे जायच्या वाटेचा दावा होता. आमची दोन एकर उसाची पट्टी आत पडते आणि पाणंदीपासून तिथवर जाणारी गाडीवाट शेजाऱ्याच्या बांधाच्या कडेनं जाते. आजोबांच्या वेळेपासून बैलगाडी, नंतर ट्रॅक्टर, कारखान्याच्या गाड्या, सगळं तिथूनच. २०१६ च्या दिवाळीत शेजाऱ्यानं तारेचं कुंपण घातलं. आप्पांनी २०१७ च्या जानेवारीत तालुक्याच्या कोर्टात, कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे, दावा लावला. वाटेचा वहिवाटीचा हक्क जाहीर व्हावा आणि शेजाऱ्याला कायमची मनाई व्हावी, असा. गेल्या महिन्यात निकाल आला. दावा खर्चासह नामंजूर.

निकालपत्रातली कारणं मला समजली ती अशी. एक, आप्पांनी उलटतपासात कबूल केलं की पावसाळ्यात कधी कधी गाडी ओढ्याकडच्या बाजूनं वळसा घालून न्यायचो, म्हणजे पर्यायी रस्ता आहे. दोन, आमचे साक्षीदार तात्या भावकीतले, म्हणून त्यांच्यावर विश्वास ठेवता येत नाही. तीन, कोर्ट कमिशनरच्या (कोर्टानं जागा पाहायला पाठवलेल्या माणसाच्या) नकाशात वाट दिसत नाही. (कुंपण घालून त्यात दोन हंगाम ऊस लावल्यावर दिसणार कुठून?)

आप्पांचं ठरलंय. "वरच्या कोर्टात पहिल्यापासून सगळं सांगू. तात्यांना परत उभं करू. मोठा जज्ज माणसाच्या तोंडाकडं बघून ओळखतो." वकील म्हणतात, अपिलात साक्षीदार येत नसतो. आप्पांना वाटतंय वकिलाला काम नको आहे.

आणि एक. निकालानंतर एक कागद सापडला. शेजाऱ्याच्या वडिलांनी ती जमीन १९७४ साली त्यांच्या चुलतभावाकडून घेतली, त्या नोंदणीकृत खरेदीखताची प्रत त्या चुलतघराण्याकडं निघाली. चतुःसीमेत स्पष्ट लिहिलंय, "पश्चिमेस सामाईक गाडीवाट". हा कागद आता चालेल का? आणि अपील लावलं की खालच्या निकालाला स्टे आपोआप मिळतो का?

उसाचा फड

कोर्टाच्या नादाला लागू नका. तहसीलदाराकडे मामलेदार कोर्ट कायद्याच्या कलम ५ खाली अर्ज करा, चार महिन्यांत रस्ता मोकळा. आमच्या गावात तिघांचा झालाय.

जुना शिरस्तेदार

उसाचा फड, तुमच्या गावातल्या तिघांनी अडवणूक झाल्या झाल्या अर्ज केला असणार. त्या कायद्याला सहा महिन्यांची मुदत आहे. यांचं कुंपण २०१६ चं. त्यातून दिवाणी कोर्टाचा निकाल विरुद्ध असताना तहसीलदार हात लावणार नाहीत.

बांधकरी, माझी उभी नोकरी जिल्हा न्यायालयात गेली, त्यातली बरीच अपील शाखेत. मी वकील नाही. पण अपिलाचा गठ्ठा जज्जसाहेबांच्या टेबलावर ठेवणारा माणूस होतो, त्यामुळे साहेब तो कसा उघडतात हे जवळून पाहिलंय. तुमचे वकील बरोबर सांगतायत. आप्पांना ते पटत नाहीये कारण त्यांच्या डोक्यात अपील म्हणजे तोच खेळ पुन्हा पहिल्यापासून, फक्त मोठ्या मैदानावर. तसं नसतं.

अपील दाखल होऊन नोटिसा निघाल्या की खालच्या कोर्टातून मूळ रेकॉर्ड मागवतात. दावा, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर), वादमुद्दे (कोर्टानं ठरवायचे प्रश्न), साक्षीपुरावा, निशाणी म्हणजे कोर्टाचा क्रमांक पडलेले कागद, रोजनामा, सगळं. त्या गठ्ठ्यात जे आहे तेच जग. बाहेर तात्या जिवंत आहेत, धडधाकट आहेत, शपथेवर सांगायला तयार आहेत, याचा उपयोग नाही. तात्या आता निशाणी अमुक-अमुकमध्ये आहेत आणि तिथं जे बोललेत तेवढेच आहेत.

पण म्हणून निराश होऊ नका. पहिल्या अपिलात, म्हणजे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९६ खालच्या अपिलात, जिल्हा न्यायाधीशांना कायदा आणि वस्तुस्थिती दोन्ही तपासायचा पूर्ण अधिकार आहे. तोच पुरावा वाचून ते उलटा निष्कर्ष काढू शकतात. "खालच्या कोर्टाचं बरोबर वाटतं, सबब अपील फेटाळण्यात येतं" एवढं लिहून त्यांना सुटताही येत नाही. त्याच संहितेच्या ऑर्डर ४१ रूल ३१ प्रमाणे निर्णयासाठी मुद्दे काढायचे, प्रत्येकावर निर्णय द्यायचा, कारण द्यायचं. सुप्रीम कोर्टानं २००१ साली संतोष हजारीच्या निकालात हे खडसावून सांगितलंय. निकाल फिरवायचा असेल तर खालच्या कोर्टाच्या कारणांना थेट भिडा आणि आपली कारणं द्या, आणि कायम करायचा असेल तरी नुसती "सहमत आहे" ही पळवाट करू नका.

आता साहेब गठ्ठा कसा वाचतात ते सांगतो. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी, पण चांगले साहेब आधी निकालपत्र वाचत. मग वादमुद्दे. मग दावा-कैफियतीकडे मागे जात, की वादमुद्दा मुळात बरोबर काढलाय का. त्यानंतर उलटतपास. सरतपासात, म्हणजे साक्षीदार आपल्याच बाजूनं जे सांगतो त्यात, कुणाला फारसा रस नसे. २००२ पासून तो प्रतिज्ञापत्रावर येतो, वकिलाच्या ऑफिसात टाइप होतो, आणि सगळ्यांची भाषा एकसारखी असते. तात्या शेतकरी असोत की मास्तर, प्रतिज्ञापत्रात सगळे "निर्वेधपणे व अखंडपणे" चालत असतात. माणूस दिसतो तो उलटतपासात.

म्हणून अपिलाच्या मेमोत, म्हणजे अपिलाच्या अर्जात, "खालच्या कोर्टानं पुरावा नीट वाचला नाही" असं मोघम लिहून काही होत नाही. मी असे शेकडो मेमो पाहिलेत, पहिली दोन पानं शब्दशः तीच, नावं तेवढी बदललेली. तुमच्या मेमोत असं यायला हवं: परिच्छेद अमुकमध्ये कोर्ट म्हणतं की पर्यायी रस्त्याची कबुली आहे, पण निशाणी तमुकमध्ये पान ३ वर आप्पांचं पुढचं वाक्य असं आहे. अख्खं वाक्य वाचा. "पावसाळ्यात चिखल झाला की कधी कधी" हे शब्द कोर्टानं गाळलेत का, ते बघा. मेमोत जो मुद्दा नाही तो परवानगीशिवाय युक्तिवादात घेता येत नाही, म्हणून लिहितानाच सगळे मुद्दे घ्या.

साक्षीदाराच्या विश्वासार्हतेवर मात्र अपील कोर्ट हात आखडता घेतं. १९५१ सालापासूनचं, सुप्रीम कोर्टाच्या सरजू प्रसाद निकालातलं सूत्र आहे. ज्या न्यायाधीशानं साक्षीदाराला समोर पाहिलं, त्याच्या मताला मान द्यायचा. त्याच्या नजरेतून काही ठळक सुटलं असेल किंवा साक्ष सरळसरळ असंभव असेल, तरच ते बाजूला सारायचं. पण इथं एक गोष्ट तपासा. साक्ष घेतली तेव्हा जे न्यायाधीश होते, निकाल त्यांनीच दिला का? साक्षीच्या शेवटी सही असते, ती आणि निकालपत्रावरची सही ताडून बघा. तालुक्याला तीन वर्षांनी बदली होते, दावा तुमचा सात-आठ वर्षं चाललेला. सही वेगळी असेल तर निकाल देणाऱ्या साहेबांनीही तात्यांना पाहिलेलं नाही, कागदावरच वाचलंय. जिल्हा न्यायाधीशही तेच वाचणार.

स्टेचं. अपील लावलं म्हणजे स्टे मिळाला असं नसतं, वेगळा अर्ज लागतो. पण तुमचा दावाच नामंजूर झालाय. खर्च सोडला तर खालच्या निकालानं शेजाऱ्याला काही दिलेलं नाही, त्याची दरखास्त (अंमलबजावणी) होण्यासारखं काही नाही. मग थांबवायचं काय? तुम्हाला हवी ती अपील चालू असेपर्यंत तूर्तातूर्त मनाई, किंवा निदान "जैसे थे". कुंपण तर आधीच आहे, त्यामुळे ते काढा असा अंतरिम हुकूम मिळणं अवघड. पण तिथं विहीर किंवा शेड बांधू नये एवढं मागता येईल.

मुदत ३० दिवस. नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात. नकलेच्या मागच्या शिक्क्यावर अर्जाची तारीख आणि नक्कल तयार झाल्याची तारीख असते, तीच धरतात. तुम्ही नक्कल घ्यायला उशिरा गेलात तर ते दिवस तुमच्या अंगावर.

नव्या कागदाबद्दल मी फार आशा दाखवणार नाही. नोंदणीकृत खत १९७४ पासून दुय्यम निबंधकांकडे आहे. सूची २ (नोंदलेल्या दस्तांची यादी) कुणालाही बघता येते, नक्कल कुणालाही मिळते. कोर्टाचा पहिला प्रश्न, इतकी वर्षं काय करत होतात?

एडिसनकर

मी न्यू जर्सीत असतो, इथं एका लॉ फर्ममध्ये पॅरालीगल आहे. वाचून गंमत वाटली, कारण इथल्या फेडरल कोर्टात पहिल्याच अपिलात वस्तुस्थिती जवळजवळ बंद होते. न्यायाधीशानं काढलेला निष्कर्ष "उघड उघड चुकीचा" असल्याशिवाय अपील कोर्ट तो बदलत नाही. दोन अर्थ निघत असतील आणि खालच्या न्यायाधीशानं एक घेतला असेल तर विषय संपला. ज्युरीचा निवाडा असेल तर त्याहून कठीण. कायद्याचा मुद्दा तेवढा नव्यानं बघतात. जिल्हा न्यायाधीश साक्ष वाचून उलटा निष्कर्ष काढू शकतात हे इथल्या वकिलाला सांगितलं तर तो खुर्चीतून पडेल.

जुना शिरस्तेदार

एडिसनकर, तुमचं पहिलं अपील ते आमचं दुसरं अपील समजा. कलम १०० खाली हायकोर्टात गेलं की वस्तुस्थिती बंद. १९७६ च्या दुरुस्तीनंतर कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न असल्याशिवाय ते दाखलच करून घेत नाहीत, आणि तो प्रश्न हायकोर्टाला शब्दांत मांडावा लागतो. म्हणून बांधकरी, आप्पांना हे नीट सांगा. वाट होती की नव्हती, हे ठरवणारं शेवटचं कोर्ट म्हणजे जिल्हा न्यायालय. पुढं कोल्हापूरला हायकोर्टात गेलात तरी तिथं "वाट होती हो साहेब" ऐकायला कुणी नाही.

पंचगंगाकाठी

मी वकिली करते, दिवाणी बाजूच जास्त. शिरस्तेदार काकांनी उत्तम लिहिलंय, एका ठिकाणी माझं मत वेगळं आहे आणि एक गोष्ट जोडायची आहे.

बांधकरीदादा, आधी एक सांगा. दाव्यात तुम्ही हक्क कशाच्या आधारावर मागितला होता? वीस वर्षांहून जास्त वहिवाट, की दुसरा रस्ताच नाही म्हणून गरजेचा हक्क? ईझमेंट कायदा, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीवरच्या वापराच्या हक्कांचा कायदा, १८८२ चा आहे आणि त्यात हे दोन वेगळे हक्क आहेत. गरजेचा हक्क कलम १३ मध्ये, वहिवाटीचा कलम १५ मध्ये. दाव्यातला परिच्छेद आणि वादमुद्दा क्रमांक १ जसाच्या तसा इथं टाका, नावं गाळून.

बांधकरी

ताई, दाव्याच्या परिच्छेद ४ मध्ये आहे: "वादी व त्याचे पूर्वज सदर वाटेचा गेली ५० वर्षांहून अधिक काळ उघडपणे, शांततेने, हक्काने व अखंडपणे वापर करीत आले आहेत." वादमुद्दा १: "वादी दीर्घ वहिवाटीने वाटेचा हक्क प्राप्त झाल्याचे शाबित करतो काय?" उत्तर नकारार्थी. आणि कारणात लिहिलंय की ओढ्याकडून पर्यायी रस्ता उपलब्ध असल्याने वादीस सदर हक्क मिळू शकत नाही.

शिरस्तेदार काका, सही बघितली. तात्यांच्या साक्षीवर वेगळ्या साहेबांची सही आहे. मध्ये आणखी एक साहेब येऊन गेले.

पंचगंगाकाठी

मग तुमचं अपील इथंच आहे, तात्यांच्या तोंडाकडे बघण्यात नाही.

पर्यायी रस्ता आहे का, हा प्रश्न गरजेच्या हक्काचा. तिथं दुसरा रस्ता निघाला, मग तो गैरसोयीचा का असेना, की हक्क गेला. वीस वर्षांच्या वहिवाटीच्या हक्काला तो प्रश्न लागूच होत नाही. एखाद्याला चार रस्ते असतील, त्यानं त्यातला एक वीस वर्षं हक्कानं, उघडपणे, शांततेनं, अखंड वापरला तर त्याचा हक्क तयार होतो. म्हणजे कोर्टानं वादमुद्दा काढला कलम १५ चा आणि कसोटी लावली कलम १३ ची. ही पुरावा वाचण्यातली चूक नाही, कायदा लावण्यातली चूक आहे. आणि कायद्याच्या चुकीला अपिलात खालच्या न्यायाधीशाचा मान-बिन राखायचा प्रश्न येत नाही. मेमोतला पहिला मुद्दा हाच. उद्या दुसऱ्या अपिलापर्यंत गेलात तरी हा मुद्दा टिकेल.

कलम १५ ला वहिवाट दाव्याच्या आधीच्या दोन वर्षांच्या आत संपलेली चालते, त्याहून जुनी नाही. तुमचं कुंपण दिवाळीचं, दावा जानेवारीचा, तिथं तुम्ही सुरक्षित. एक धोका सांगते. "पावसाळ्यात वळसा" याला समोरचा वकील "वहिवाट अखंड नव्हती" असं वळण देईल. त्याला उत्तर रेकॉर्डवरच शोधा. चिखलामुळे स्वतः होऊन दुसरीकडून जाणं वेगळं आणि कुणी अडवलं म्हणून थांबणं वेगळं. शेजाऱ्यानं २०१६ च्या आधी कधी अडवल्याचा एक तरी पुरावा दिलाय का? तो स्वतः साक्षीला उभा राहिला का, की मुखत्याराला पाठवलं? पिंजऱ्यात आलाच नसेल तर त्याच्याविरुद्ध अनुमान काढता येतं.

आता १९७४ चं खत. ऑर्डर ४१ रूल २७ मध्ये तीन दारं आहेत. खालच्या कोर्टानं पुरावा चुकीनं नाकारला असेल, हे तुम्हाला लागू नाही. पुरेशी काळजी घेऊनही कागद माहीत नव्हता, हे दुसरं, आणि इथं काकांची शंका रास्त आहे. पण खत तुमचं नाही, तुमच्या पूर्वजांचंही नाही, समोरच्याच्या वडिलांचं आहे. दुसऱ्याच्या जमिनीची सूची कुणी चाळत बसत नाही, हे म्हणता येतं. तिसरं दार म्हणजे निकाल देण्यासाठी कोर्टालाच तो कागद हवासा वाटला तर. ज्या दस्तानं शेजाऱ्याच्या घरानं जमीन घेतली, त्याच दस्तात गाडीवाट लिहिलेली आहे. असा कागद बघितल्याशिवाय वाटेचा निर्णय करणं कुठल्याही न्यायाधीशाला जड जाईल. तरी हे दार वकिलासाठी नाही, कोर्टासाठी आहे. पुराव्यातली भोकं बुजवायला ते वापरू देत नाहीत.

अर्ज आधी द्या, पण त्यावरचा निर्णय शेवटच्या युक्तिवादासोबत मागा. सुप्रीम कोर्टानं २०१२ मध्ये इब्राहिमुद्दीनच्या निकालात तोच क्रम सांगितलाय, कारण कागदाची गरज आहे की नाही हे सगळा पुरावा वाचल्यावरच कळतं. नाहीतर नुसत्या अर्जावर दोन वर्षं जातात, आणि तो आधीच फेटाळला गेला तर अर्धं अपील तिथंच मरतं. आणि झेरॉक्स लावू नका, उद्याच दुय्यम निबंधकांकडून प्रमाणित नक्कल घ्या. अर्ज मंजूर झाला तर रूल २८ खाली कोर्ट तो पुरावा स्वतः घेतं किंवा खालच्या कोर्टाला घ्यायला सांगतं. आप्पांना हवा असलेला साक्षीदार अपिलात येऊ शकतो तो इथं, आणि तोही त्या दस्तापुरता. तात्या पुन्हा नाहीत.

जोडायची गोष्ट रिमांडबद्दल. काकांनी लिहिलं नाही, पण तुम्हाला कुणीतरी सांगणारच की "केस परत खाली पाठवा असं मागा". मागू नका. पुरावा रेकॉर्डवर पुरेसा असेल तर रूल २४ खाली जिल्हा न्यायालयानंच शेवटचा निकाल द्यावा, हीच मागणी. रिमांड म्हणजे परत २०१७.

जुना शिरस्तेदार

रिमांडचं शंभर टक्के खरं. रिमांड होऊन गेलेलं रेकॉर्ड पुन्हा अपिलात आलं की गठ्ठ्याची जाडी बघूनच आम्हाला कळायचं. काही दाव्यांत तोवर मूळ वादी-प्रतिवादी दोघंही गेलेले, वारसांची नावं लावण्यातच वर्ष जायचं.

ताईंचा कलम १३-१५ चा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तिथं वकीलच पाहिजे. एक पुस्ती जोडतो. शेजारी गप्प बसणार नाही. दावा मुदतीत आहे असा वादमुद्दा तुमच्या बाजूनं लागला असेल, तर तोही चुकीचा आहे असं तो अपिलात म्हणू शकतो, आणि त्यासाठी त्याला वेगळं अपील लावायची गरज नाही. रूल २२. म्हणून जिंकलेल्या वादमुद्द्यांचीही तयारी ठेवा.

आणि कमिशनरच्या नकाशावर तुमची हरकत तेव्हाच दिली होती का? कमिशनरला उलटतपासायला मागितलं होतं का? नसेल तर अपिलात "नकाशा चुकीचा" म्हणण्यात दम नाही. त्यापेक्षा म्हणा, नकाशा बरोबर आहे, पण तो कुंपणानंतरचा आहे. वीस वर्षांच्या वहिवाटीबद्दल तो काहीच सांगत नाही.

बांधकरी

हरकत दिली नव्हती. आमच्या वकिलांना सगळं वाचून दाखवलं. ते म्हणाले १३-१५ चा मुद्दा त्यांनी काढलाच होता, फक्त आम्हाला सांगितला नव्हता. असेल. खताच्या नकलेचा अर्ज दिलाय.

आप्पा अजून विचारतायत, तारखेला जावं लागेल का?

जुना शिरस्तेदार

अपिलात प्रत्येक तारखेला पक्षकाराची गरज नसते, वकील हजर असले की झालं. तारीख ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर सीएनआर नंबर (प्रकरणाचा क्रमांक) टाकून घरबसल्या बघा, एसटीचा खर्च वाचेल. युक्तिवादाच्या दिवशी मात्र आप्पांना घेऊन जा. मागच्या बाकावर बसवा, आणि साहेबांनी पर्यायी रस्त्याचं विचारलं तर मधेच उठून उत्तर देऊ नका असं आधीच सांगून ठेवा. ऐकतील का ते तुम्हाला ठाऊक.